पत्रिकेच्या तळाची नावं

मिरजेला आमचा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या खिळ्यांच्या पाच-सहा केसेस आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी बाकडं. पुस्तकं वगैरे मोठी कामं दुसरीकडे जायची. आमच्याकडे यायच्या त्या लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, पावतीपुस्तकं. खिळे जुळवायचे बाबांनीच, मशीनवर उभं राहायचं तेही बाबांनीच. मी पाचवीत गेले तशी प्रूफं वाचायला बसू लागले. पहिल्याच दिवशी बाबांनी सांगितलं, "वरून वाचू नकोस. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कधी चुकत नाही, तो मजकूर जुळवून ठेवलेलाच असतो. खालून वाच. भांडणं खाली असतात."

खाली नावं असायची. बोलणं बंद असलं तरी थोरल्या चुलत्याचं नाव पहिलं. वारलेल्या आजोबांना 'कै.' लावून मानाची जागा. ज्यांनी मुलीला कधी पाहिलंही नाही असे तालुक्याचे पुढारी ठळक टायपात. आणि ज्या मावशीनं मुलीला आठ वर्षं सांभाळलं, तिचं नाव अनेकदा नसायचंच, कारण ती 'घरचीच'. एकदा मामाचं नाव राहिलं म्हणून तीनशे पत्रिका पुन्हा छापल्या. कागदाचा खर्च बाबांनी सोसला, कारण यादी आमच्याकडेच हरवली होती. तेव्हापासून यादीतलं प्रत्येक नाव ते पेन्सिलीनं टिपून घेत आणि विचारत, "आणखी कोणी राहिलं नाही ना? नीट आठवा."

छापखाना बंद होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. माझा विषय स्थूल अर्थशास्त्र, ज्याला सगळे 'मॅक्रो'च म्हणतात: महागाई, व्याजदर, बेरोजगारी, मंदी. नवा संशोधन-पेपर हातात आला की मी अजूनही तो मागून उघडते. शेवटची संदर्भयादी आधी. त्या यादीवरून लेखक कुठल्या घरचा, कुणाच्या पंगतीत बसू पाहतो, कुणाचं नाव मान म्हणून घेतलंय आणि कुणाला खरोखर वाट विचारलीय, याचा बराचसा अंदाज येतो. गेल्या काही वर्षांत या याद्या वाचता वाचता मनात जे साठलं, ते लिहायचं आहे.

काही नावं यादीत असतातच. त्यातलं एक कॅल्व्हो, 1983. गिएर्मो कॅल्व्हो हे अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ. दुकानदार आणि कंपन्या भाव रोज का बदलत नाहीत, हा जुना प्रश्न. तो गणितात बसवण्यासाठी त्यांनी एक सोपी कल्पना मांडली: भाव बदलायची संधी चिठ्ठी निघाल्यासारखी मिळते. ज्याची चिठ्ठी निघाली त्यानं आज भाव बदलावा, बाकीच्यांनी कालच्याच भावानं विकावं. कुणी शेवटचा भाव कधी बदलला होता याचा हिशेब ठेवावा लागत नाही, त्यामुळे समीकरणं सुटसुटीत होतात. खरा दुकानदार असा वागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आज महागाईवरच्या शेकडो मॉडेलांत ती चिठ्ठी आहे. कॅल्व्हो हे माणसाचं नाव उरलेलं नाही, ते एक विशेषण झालं आहे. तसंच जॉन टेलर यांचं. मध्यवर्ती बँकेनं महागाई आणि उत्पादन पाहून व्याजदर कसा ठरवावा, याचं त्यांनी 1993 मध्ये दिलेलं सूत्र 'टेलर रूल' म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. मग अख्ख्या अर्थव्यवस्थेचं मोठं मॉडेल मांडणारे युरोपातले स्मेट्स आणि वाउटर्स, 2007. मग तशाच कामाचे क्रिस्टियानो, आयशेनबॉम आणि एव्हान्स, 2005. हे तिघे इतके नेहमीचे की नुसती आद्याक्षरं लिहिली तरी चालतं.

ही नावं पत्रिकेतल्या थोरल्या चुलत्यासारखी आहेत. त्यांच्याशी बोलणं झालेलं असो वा नसो, नाव पहिलं. कॅल्व्होंचा मूळ पेपर मी स्वतः पीएच.डी. संपल्यावर तीन वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचला, आणि माझ्या प्रबंधात तो चार ठिकाणी होता.

याच्या उलटही होतं. एखादी कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिच्या जनकाचं नाव यादीतून गळतं. लोक भविष्याचा अंदाज बांधताना हाती असलेली सगळी माहिती वापरतात, ही 'विवेकी अपेक्षां'ची कल्पना जॉन म्यूथ यांनी 1961 मध्ये मांडली. जवळपास दहा वर्षं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढे रॉबर्ट ल्युकस यांनी ती उचलली आणि सगळं मॅक्रो तिच्यावर उभं राहिलं. आज ती प्रत्येक मॉडेलात आहे आणि म्यूथ क्वचितच कुठल्या यादीत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं या प्रकाराचं वर्णन केलं आहे: ज्ञानात पूर्ण सामावलं जाणं आणि त्यातच पुसलं जाणं. सर्वांत खोल ऋण असतं तिथेच नोंद नसते. मला पुन्हा ती 'घरचीच' मावशी आठवते.

ज्यांची नावं आज टाळताच येत नाहीत, त्यांनाही एकेकाळी दारातून परत पाठवलेलं आहे. ल्युकस यांचा 1972 चा पेपर, ज्याच्यामुळे पुढे त्यांना नोबेल मिळालं, तो अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूनं नाकारला होता. शेवटी तो जर्नल ऑफ इकॉनॉमिक थिअरीत आला. नंतर 1976 मध्ये त्यांनी जे म्हटलं, ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: धोरण बदललं की लोकांचं वागणंही बदलतं, म्हणून जुन्या वागण्यावरून काढलेली गुणोत्तरं नव्या धोरणाला लावू नका. चार वर्षांनी क्रिस्टोफर सिम्स यांनी दुसऱ्या बाजूनं बोट ठेवलं. मोठ्या मॉडेलांतली गृहीतकं विश्वास ठेवण्यासारखी नाहीत, आकड्यांनाच अधिक बोलू द्या, असं त्यांचं म्हणणं. 1982 मध्ये किडलंड आणि प्रेस्कॉट यांनी मंदी-तेजीचं सगळं चक्र तंत्रज्ञानातल्या धक्क्यांवर उभं केलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या दहाएक वर्षांत ही घराणी पडली, आणि अजून नव्या पेपराचा पहिला परिच्छेद वाचून लेखक कुठल्या घराण्यातला ते सांगता येतं.

पण घराण्यांच्या या मांडणीत एकदा फार मोठी उलथापालथ झाली.

ऑलिव्हिए ब्लांशार यांनी ऑगस्ट 2008 मध्ये मॅक्रोच्या अवस्थेवर एक लेख प्रसिद्ध केला. मॅक्रोची प्रकृती चांगली आहे, दृष्टिकोनांत एकवाक्यता येते आहे, असा त्याचा सूर होता. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली आणि जगभर आर्थिक संकट पसरलं. ब्लांशार प्रामाणिक माणूस आहेत. पुढे 2016 मध्ये याच मॉडेलांच्या उणिवांवर त्यांनी स्पष्ट लिहिलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती संदर्भयाद्यांमुळे. 2008 नंतरच्या याद्या पाहा. बँका, कर्ज, तारण या विषयांवरचे जुने पेपर एकदम पुढे आले. 1999 मधलं बर्नान्की, गर्टलर आणि गिलख्रिस्ट यांचं मॉडेल. 1997 मधला कियोताकी आणि मूर यांचा पेपर, ज्यात जमिनीचा भाव पडला की तारण आटतं, तारण आटलं की कर्ज आटतं आणि त्यामुळे भाव आणखी पडतो. अगदी 1933 मधले अर्व्हिंग फिशरही परतले, जे महामंदीत म्हणाले होते की भाव कोसळले की कर्जाचं खरं ओझं वाढतं. हे कुणी नव्यानं शोधलं नव्हतं. सगळं कपाटात होतं. घराला आग लागल्यावर विहिरीची आठवण व्हावी, तशी ही नावं आठवली.

या परतलेल्या नावांत एका नावापाशी मी नेहमी थांबते. अय्यागरी, 1994.

एस. राव अय्यागरी भारतात जन्मले, अमेरिकेत गेले आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, मिनियापोलिसच्या बँकेत संशोधन करत होते. तोवरच्या बहुतेक मॉडेलांत अख्खा देश म्हणजे एक कुटुंब असे. एकच उत्पन्न, एकच खर्च, एकच मन. अय्यागरींनी असंख्य कुटुंबं घेतली. प्रत्येकाचं उत्पन्न नशिबानं वरखाली होतं. आजारपण, सुटलेली नोकरी, काहीही. त्याचा विमा मिळत नाही आणि हवं तितकं कर्जही मिळत नाही. मग लोक काय करतात? अडीअडचणीसाठी बाजूला टाकतात. सगळ्यांनी असं थोडं थोडं टाकलं की देशाची एकूण बचत वाढते आणि व्याजदर जरा खाली येतो. किती वाढते, किती उतरतो, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी दिसली. तांदळाच्या डब्यात तळाशी फडक्यात बांधलेल्या नोटा. घरात कुणाला माहीत नाहीत असं तिला वाटे आणि सगळ्यांना माहीत असत. बाबांच्या मशीनचा रूळ फाटला त्या महिन्यात तो डबा उघडला होता. 'एक कुटुंब म्हणजे देश' असं मानणाऱ्या मॉडेलात आजीच्या डब्याला जागाच नव्हती. अय्यागरींनी ती केली.

1998 मध्ये पर क्रुसेल आणि अँथनी स्मिथ यांनी याच वाटेनं पुढे जाऊन मंदी-तेजीचा अभ्यास केला. त्यांच्या हाती आलेलं उत्तर असं, की कुटुंबं वेगवेगळी धरली तरी देशाचे एकूण आकडे जवळपास एकाच कुटुंबासारखेच हलतात. मग पुढची बरीच वर्षं हा पेपर कशासाठी उद्धृत झाला? विषमता बाजूला ठेवायला चालते, फरक पडत नाही, हे सांगण्यासाठी. 2008 नंतर कर्जात बुडालेली घरं आणि हातावर पोट असलेली माणसं समोर आली तसा त्याच पेपराचा उपयोग फिरला. आता तो 'इथून सुरुवात झाली' म्हणून उद्धृत होऊ लागला. पेपरातली एक ओळ बदललेली नाही, वाचणाऱ्यांना काय हवं ते बदललं. 2018 मध्ये कॅप्लन, मोल आणि व्हियोलांते यांनी व्याजदराचा परिणाम अशा वेगवेगळ्या कुटुंबांतून कसा वाहतो ते मांडलं. त्यात नावावर घर आहे पण हातात रोख नाही अशी माणसं आहेत, जी आपल्याला गल्लीगल्लीत भेटतात. या मॉडेलांना आता, त्यांच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, 'हँक' म्हणतात आणि तो आजच्या मॅक्रोचा राजरस्ता झाला आहे. जवळजवळ अशा प्रत्येक पेपरच्या यादीत अय्यागरी, 1994 असतं.

ते स्वतः 1997 मध्येच, ऐन उमेदीत वारले. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. मी ते नाव वाचते तेव्हा त्याच्या आधी मनातल्या मनात 'कै.' लावते.

आता थोडे आकडे. त्यांच्याशिवाय माझं म्हणणं नुसती भावना ठरेल. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी 2013 मध्ये अर्थशास्त्रातल्या पाच सर्वोच्च नियतकालिकांचा हिशेब मांडला. 1990 ते 2012 या काळात तिथे येणारे पेपर जवळजवळ दुप्पट झाले. छापले जाणारे मात्र 1970 च्या दशकाअखेरच्या वर्षाला सुमारे 400 वरून 300 वर आले. स्वीकाराचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर, आणि पेपरची लांबी जवळपास तिप्पट. दार अरुंद होत गेलं की दारातल्या माणसाचं नाव घेण्याची निकड वाढते. रेफरी, म्हणजे पेपर छापावा की नाही हे सांगणारा तज्ज्ञ, कोण असेल हे कळत नाही, म्हणून जे जे असू शकतील त्या सगळ्यांची नावं यादीत. जेम्स हेकमन आणि सिद्धार्थ मोक्तान यांनी 2020 मध्ये याच पाच नियतकालिकांच्या जुलमाबद्दल लिहिलं. हेकमन स्वतः नोबेल विजेते आणि त्याच पाचांत आयुष्यभर छापले गेलेले, म्हणून ते शब्द मला वजनदार वाटतात.

दुसरा आकडा मला जास्त बोचतो. मॅरियन फोर्कॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, 1997 साली अर्थशास्त्रातल्या 81 टक्के संदर्भांचा रोख अर्थशास्त्राकडेच होता. समाजशास्त्रात हे प्रमाण 52 टक्के, मानववंशशास्त्रात 53, राज्यशास्त्रात 59. महागाईबद्दल लोकांना काय वाटतं हा आमचा रोजचा प्रश्न. तरी लोकांना काय वाटतं हे पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलेल्या शास्त्रांकडे आम्ही फारसे जात नाही. अलीकडे जरा बरं चाललं आहे. ओलिव्हिए कोयबियाँ आणि युरी गोरोद्निचेंको यांच्यासारखे संशोधक सर्वेक्षणांतून लोकांच्या अपेक्षा मोजतात, आणि आपली रिझर्व्ह बँकही 2005 पासून घराघरांत जाऊन हे विचारते. पण अशा पेपरांच्याही याद्या पुन्हा आमच्याच घरात फिरतात.

वाचल्याशिवाय, तपासल्याशिवाय नाव घेण्याचं काय होतं, हे मी मुलांना एका उदाहरणानं शिकवते, आणि त्यासाठी दोन पूर्ण तास देते.

2010 मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा एक छोटा पेपर आला. त्यात असं होतं की देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलं की वाढीचा दर कोसळतो, विकसित देशांत सरासरी उणे 0.1 टक्का. युरोप कर्जसंकटात होता, आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. अमेरिकेत पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पी आराखड्यात तो आला, युरोपियन कमिशनच्या ऑली रेन यांच्या पत्रात आला. सरकारांनी खर्च कापावा की नाही, या वादात तो शेवटचा शब्द असल्यासारखा वापरला गेला. तीन वर्षं.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेत थॉमस हर्न्डन नावाचा विद्यार्थी होता. वर्गाचा गृहपाठ असा: एखादा प्रसिद्ध पेपर घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्यानं हा घेतला. आकडे जुळेनात. शिक्षकांना वाटलं, पोराचं काहीतरी चुकतंय. शेवटी त्यानं लेखकांनाच लिहिलं आणि त्यांनी आपली एक्सेल शीट पाठवली. सरासरीच्या सूत्रात काही ओळी सुटल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश बाहेरच राहिले होते. शिवाय सरासरी काढताना न्यूझीलंडचं एक वाईट वर्ष आणि ब्रिटनची 19 वर्षं यांना सारखंच वजन मिळालं होतं, काही वर्षांची उपलब्ध आकडेवारी घेतलेली नव्हती. हर्न्डन आणि त्याचे दोन शिक्षक, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन, यांनी 2013 मध्ये दुरुस्त आकडा दिला: 2.2 टक्के. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी शीटमधली चूक मान्य केली. कर्ज वाढलं की वाढ मंदावते हे आपलं मूळ म्हणणं टिकतं, असंही ते म्हणाले, आणि त्यावर वाद अजून आहे.

चूक त्या दोघांनी केली. कुणाकडूनही होऊ शकते. आमच्या छापखान्यात मामा सुटला होता, इथे पाच देश सुटले. मला अस्वस्थ करतं ते हे, की मधली तीन वर्षं इतक्या लोकांनी तो पेपर उद्धृत केला आणि चूक सापडायला एका विद्यार्थ्याचा गृहपाठ लागला. संदर्भ देणं म्हणजे 'मी तिथे जाऊन पाहून आलो' अशी ग्वाही. निदान मी तसं समजून मोठी झाले.

हे एकट्या त्या पेपराचं नाही. फेडरल रिझर्व्हमधले अँड्र्यू चँग आणि त्यांचे सहलेखक फिलिप ली यांनी 2015 मध्ये मॅक्रोचे 67 पेपर घेऊन लेखकांनीच दिलेल्या फाइलींवरून निष्कर्ष पुन्हा काढायचा प्रयत्न केला. लेखकांच्या मदतीशिवाय 22 जमले. गोपनीय आकडेवारीचे आणि हाती नसलेल्या सॉफ्टवेअरचे पेपर वगळून लेखकांची मदत घेतली, तेव्हा 59 पैकी 29. निम्मेसुद्धा नाहीत. आता मोठी नियतकालिकं आकडेवारी आणि कोड मागून घेतात, हे फार चांगलं झालं.

आणि भाषा. हा विषय मी वर्गात काढते तेव्हा मुलं सावरून बसतात, कारण तो त्यांचा आहे. मिखाल कालेत्स्की यांनी मंदीच्या चक्राचा सिद्धांत 1933 मध्ये पोलिश भाषेत प्रसिद्ध केला. मंदीवरचा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सचा मोठा ग्रंथ 1936 चा. पुष्कळसं तेच कालेत्स्कींनी आधी सांगितलं होतं, पण पोलिश वाचणार कोण? 1935 मध्ये ते इंग्रजीत आलं, आणि तरीही श्रेय मिळायला वर्षं गेली. येवगेनी स्लुत्स्की यांनी नुसत्या यादृच्छिक धक्क्यांच्या बेरजेतून मंदी-तेजीसारख्या लाटा उठतात हे 1927 मध्ये रशियनमध्ये दाखवलं. इंग्रजीत यायला 1937 उजाडलं. गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थतज्ज्ञानं तर म्हटलं होतं की इंग्रजांमध्ये एक गोड पण अनावश्यक स्वतंत्र प्रतिभा दिसते, आणि तिचं मूळ त्यांना जर्मन येत नाही यात आहे. रोख केन्सकडे होता. जे स्वीडनच्याच विक्सेल या अर्थतज्ज्ञानं जर्मनमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं, ते तिकडे पुन्हा नव्यानं सुचत होतं.

याच केन्सला एका मराठी माणसानं कसं उद्धृत केलं, हे मी नेहमी दाखवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. केन्स यांनी 1913 मध्ये भारताच्या चलनपद्धतीची, सुवर्ण विनिमय परिमाणाची (सोन्याची नाणी चलनात नसताना रुपयाचा भाव सोन्याशी बांधून ठेवण्याची), तरफदारी केली होती. आंबेडकर केन्सचं नाव घेतात, त्यांचं म्हणणं मांडतात आणि मग ते का पटत नाही ते टप्प्याटप्प्यानं सांगतात. नाव मान म्हणून नाही, वाद घालायला घेतलेलं आहे. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची. त्यात कॅनन उघड लिहितात की या तरुणाचे बरेचसे युक्तिवाद मला मान्य नाहीत, पण जिथे तो चुकतो असं वाटतं तिथेही त्याच्या विचारांत ताजेपणा आहे. शिष्य जगप्रसिद्ध माणसाशी भांडतो, गुरू शिष्याशी असहमत होतो, आणि सगळं एकाच पुस्तकात सुखानं नांदतं. संदर्भाचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. मी वाचते त्या चलनविषयक पेपरांच्या याद्यांत मात्र 1923 चं हे नाव क्वचितच भेटतं.

माझी स्वतःची गोष्ट छोटी आहे, पण सांगायला हवी. मी अन्नधान्याच्या भावांवर काम करत होते. आपल्या किरकोळ महागाईच्या 2012 आधारवर्षाच्या निर्देशांकात अन्न आणि पेयांचं वजन जवळपास 46 टक्के होतं. त्यामुळे चिठ्ठी काढून भाव बदलणारा दुकानदार मला पुरेना. मी लासलगावला गेले. तिथल्या एका आडत्यानं मला त्याच्या जुन्या वह्या दाखवल्या. उन्हाळ कांदा काढला की शेतकरी चाळीत भरतो. मग दर आठवड्याला प्रश्न एकच: आज चाळ फोडायची की थांबायचं? थांबलं तर भाव चढेल कदाचित, पण वजन घटतं, सड लागते. "म्याडम," तो म्हणाला, "शेतकरी भाव बघत नाही, शेजाऱ्याची चाळ बघतो." त्या एका वाक्यानं माझं मॉडेल फिरलं. माणसं अपेक्षा कशी बांधतात, याचं उत्तर मला सहा महिने वाचून मिळालं नव्हतं.

मी तळटीप घातली: लासलगाव बाजार समितीतील एका आडत्याशी झालेली चर्चा. पेपर एका नियतकालिकाकडे पाठवला. रेफरीनं लिहिलं, हा संदर्भ ग्राह्य नाही, काढा. त्याऐवजी अमेरिकेतली माणसं किराणा मालाच्या भावावरून महागाईचा अंदाज बांधतात हा अभ्यास उद्धृत करा. तो अभ्यास खरोखर उत्तम आहे, मी तो घातला. तळटीप काढली. पेपर छापून आला. मला बढतीसाठी तो हवा होता, आणि मी काढली. त्या आडत्याला मी पेपरची प्रत पाठवली होती. त्यानं फोन करून विचारलं, "यात आपलं कुठं हाये?" मी सांगितलं ते खरं होतं, की विचार तुमचाच आहे, नाव छापता आलं नाही. तो "असू द्या" म्हणाला. बाबा असते तर त्यांनी पत्रिका पुन्हा छापली असती.

तेव्हापासून मी एम.ए.च्या प्रकल्पांसाठी एक पद्धत ठेवली आहे. यादी पेन्सिलीनं टिपून आणायची. जे पूर्ण वाचलं त्यापुढे बरोबरची खूण, जे दुसऱ्याच्या पेपरातून उचललं त्यापुढे फुली, आणि ज्यानं विचार बदलला त्याच्याखाली रेघ. मग मी विचारते, "आणखी कोणी राहिलं नाही ना? नीट आठवा."

गेल्या वर्षी एक मुलगी नोटबंदीनंतरच्या घरगुती बचतीवर काम करत होती. पहिल्या खेपेला तिची यादी तीन पानांची होती. कॅल्व्हो होते, टेलर होते, स्मेट्स-वाउटर्स होते, आणि बहुतेकांपुढे फुल्या. तिनं कसलीही लपवाछपवी केली नव्हती. दुसऱ्या खेपेला यादी एका पानावर आली. अय्यागरी, 1994 याच्याखाली रेघ होती. पेपर तिनं शब्दकोश घेऊन वाचला होता, समासात मराठीत टिपणं होती. पानाच्या तळाशी शाईनं एक नोंद वाढवलेली होती: आईच्या बचत गटाची वही. तिच्याखाली दोन रेघा.

त्या नोंदीपुढे वर्षाची जागा कोरी होती. तिला तेवढंच विचारायचं होतं. वही 2014 ला सुरू झालीय, म्हणाली, पण संपलेली नाही, अजून दर महिन्याला लिहितात. मग वर्ष कोणतं घालू?